दहा वर्षांची मुदत

आपल्या मोठ्या आतड्याची लांबी साधारण दीड मीटर. त्याच्या आतल्या अस्तरावर सूक्ष्मदर्शक रोखला, तर लक्षावधी बारीक खळगे दिसतात. एकेका खळग्याच्या भिंतीत सुमारे २,००० पेशी दाटीवाटीने उभ्या असतात. तळाशी असतात मूलपेशी आणि त्यांचं विभाजन रात्रंदिवस चालू असतं. तळाशी जन्मलेली पेशी भिंतीवरून वर सरकू लागते. वाटेतच ती कामाला लागते: कोणी पाणी शोषून घेते, कोणी बुळबुळीत स्राव तयार करते. चार-पाच दिवसांत ती काठावर पोचते आणि गळून पडते. गेल्या आठवड्यात ज्या अस्तराने आपलं जेवण हाताळलं, ते आज जवळजवळ सगळं नवं आहे.

एवढ्या वेगाने पेशी बनत असतील तर चुकाही होणारच. प्रत्येक विभाजनाआधी पेशीला डीएनएची तीन अब्ज अक्षरी संहिता उतरवून काढावी लागते आणि त्यात अधूनमधून एखादं अक्षर चुकतं. पण इथे गळून पडण्याची रीतच राखण करते. चुकलेली पेशी चार-पाच दिवसांत आपली चूक सोबत घेऊन शौचावाटे निघून जाते.

गडबड होते ती चूक तळाच्या मूलपेशीत घडली की. तिथे ‘एपीसी’ नावाचं एक जनुक पेशींच्या वाढीला आवर घालत असतं. त्याच्या दोन्ही प्रती बिघडल्या, तर नव्या पेशी वेळेवर गळत नाहीत. त्या तिथेच साठत जातात आणि अस्तरावर एक इवलासा मांसल उंचवटा तयार होतो. त्यालाच पॉलिप म्हणतात. तो दुखत नाही, खुपत नाही, पोट बिघडवत नाही. बहुतेक पॉलिप आयुष्यभर तसेच निरुपद्रवी राहतात. काही थोड्यांमध्ये मात्र पुढच्या चुका घडतात: आधी केरास नावाच्या जनुकात, मग पी५३ मध्ये आणि आणखी काही ठिकाणी. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या बर्ट फोगेलस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही पायरीपायरीने होणारी वाटचाल उलगडून दाखवली. पहिल्या उंचवट्यापासून कॅन्सरपर्यंत पोचायला साधारण दहा वर्षं लागतात, कधी त्याहूनही जास्त.

दहा वर्षं! इतकी लांब आणि डोळ्यांनी दिसण्याजोगी पूर्वसूचना देणारे कॅन्सर फार थोडे. या काळात तो पॉलिप सापडला, तर तो काढून टाकता येतो. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या बेथ इस्राएल रुग्णालयात विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या या शल्यचिकित्सकांनी गुदद्वारातून घातलेल्या लवचीक दुर्बिणीतून तारेचा फास सरकवला, पॉलिपच्या देठाभोवती आवळला आणि विजेच्या उष्णतेने तो कापून बाहेर काढला. पोट फाडावं लागलं नाही. १९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय पॉलिप अभ्यासाचे निष्कर्ष आले: ज्यांचे पॉलिप असे काढले गेले, त्यांच्यात मोठ्या आतड्याचा कॅन्सर अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्के कमी झाला. एरवी आपण कॅन्सरवर उपचार करतो. इथे तो होऊच न देण्याची सोय निसर्गाने आणि माणसाने मिळून केली आहे.

ही दहा वर्षांची मुदत आतडं सर्वांनाच देतं. तरीही या कॅन्सरने कोण मरतं हे पाहिलं, की गरीब, विमा नसलेले, शहरापासून दूर राहणारे आणि पिढ्यानपिढ्या दवाखान्याच्या दाराबाहेर राहिलेले लोक जास्त दिसतात. त्यांची मुदत कोणाच्याही नकळत संपून जाते. ती त्यांना वापरता यावी म्हणून जगात काय काय केलं गेलं, ती हकिगत मला आतड्याच्या जीवशास्त्राइतकीच थक्क करते.

सुरुवात रक्ताच्या एका खुणेपासून करू. वाढलेला पॉलिप किंवा कोवळा कॅन्सर यांच्यावरून मल सरकत गेला, की कधीकधी किंचित रक्त झिरपतं. ते डोळ्यांना दिसत नाही. ते पकडण्याची जुनी युक्ती कॅरिबियन बेटांवरच्या ग्वायाकम नावाच्या झाडाच्या डिंकात आहे. रक्तात लोह धरून ठेवणारा ‘हीम’ नावाचा रेणू असतो. डिंक लावलेल्या कागदावर मलाचा नमुना फासून त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला आणि तिथे हीम असला, तर कागद निळा होतो. इतकी साधी तपासणी, पण मिनेसोटात ४६,००० हून अधिक लोकांवर झालेल्या चाचणीत दरवर्षी ती करणाऱ्यांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू १३ वर्षांत एक तृतीयांशाने घटले.

आता अलास्काकडे जाऊ. अमेरिकेचं हे राज्य क्षेत्रफळात महाराष्ट्राच्या पाचपटीहून मोठं आणि लोकसंख्या आठ लाखांच्याही आत. तिथले मूळनिवासी युपिक, इन्युपियाक, अथाबास्कन अशा अनेक समाजांचे आहेत आणि त्यांची बहुतेक गावं रस्त्याने जोडलेलीच नाहीत. उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात बर्फावरची गाडी आणि बारा महिने, हवा बरी असेल तर, छोटं विमान. या समाजांमध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण जगात नोंदलेल्या प्रमाणांपैकी सर्वांत जास्त आहे, अमेरिकेतल्या गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट.

आणि नेमकी इथेच डिंकाची तपासणी कुचकामी ठरली. कारण रसायनातच होतं. निळा रंग हीममुळे येतो आणि हीम कोणाचाही चालतो. सील, देवमासा, कॅरिबू यांचं लालभडक मांस हे तिथलं परंपरेचं अन्न. ते खाल्लं की कागद निळा होऊ शकतो. शिवाय तिथल्या प्रौढांमध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा संसर्ग फार पसरलेला आहे. त्याने जठराचं अस्तर सुजतं आणि त्यातून थोडं थोडं रक्त झिरपत राहतं. तेही कागदाला निळं करतं. म्हणजे आतडं निरोगी असलेल्या माणसालाही विमानाने शेकडो मैल दूर दुर्बिणीसाठी पाठवायची वेळ यायची.

यावरची तोड मला विज्ञानातल्या सुंदर युक्त्यांपैकी एक वाटते. नव्या तपासणीचं नाव आहे फिट. ती हीमकडे बघतच नाही. हीमभोवती ग्लोबिन नावाचं प्रथिन असतं आणि प्रत्येक प्राण्याचं ग्लोबिन थोडं वेगळं असतं. फिटमध्ये वापरलेलं प्रतिपिंड फक्त मानवी ग्लोबिनला चिकटतं. त्यामुळे सीलचं मांस खाल्लं असेल तरी फिट फसत नाही. दुसरी करामत आपल्याच पचनसंस्थेची. जठरात झिरपलेलं रक्त लहान आतड्यातून खाली येईपर्यंत पाचक रस त्यातल्या ग्लोबिनचे तुकडे तुकडे करून टाकतात. मोठ्या आतड्यात झिरपलेलं ग्लोबिन मात्र बऱ्याच अंशी शाबूत बाहेर पडतं. त्यामुळे फिटला सापडलेलं रक्त बहुधा मोठ्या आतड्यातलंच असतं. आणि ही तपासणी किती तल्लख? अनेक ठिकाणी तिची मर्यादा एक ग्रॅम मलात २० मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन इतकी ठेवतात. रक्ताच्या एका थेंबाच्या शंभराव्या हिश्श्यातही याहून जास्त हिमोग्लोबिन असतं.

काही पॉलिप मात्र रक्त झिरपूच देत नाहीत. अशांसाठी मेयो क्लिनिकमधले डेव्हिड अल्क्विस्ट यांनी वेगळी वाट धरली. आतड्याच्या पेशी रोज गळतात हे आपण पाहिलंच. मग पॉलिपच्या पेशीही गळत असणार, आणि बिघडलेला डीएनए मलात उतरत असणार. तोच का वाचू नये? मलात जंतूंच्या डीएनएचा नुसता महापूर असतो. त्यातून मानवी डीएनएचे नेमके तुकडे वेचून काढायला त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दोन दशकांच्या आसपास खपावं लागलं. १०,००० च्या आसपास लोकांवर झालेल्या चाचणीत या तपासणीने ९२ टक्के कॅन्सर पकडले, तर एकट्या फिटने ७४ टक्के. नवी तपासणी निरोगी माणसांना नाहक घाबरवते मात्र थोडी जास्त. २०१४ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. अल्क्विस्ट यांनी अलास्कातल्या संशोधकांबरोबर काम करून मूळनिवासींमध्येही ती पारखून पाहिली.

पण तपासणी शोधून काढणं एक आणि माणसापर्यंत पोचणं दुसरं. अलास्कातली गावं ज्यांच्या भरवशावर उभी आहेत, त्या आरोग्य सहाय्यकांचा कार्यक्रम १९६० च्या दशकापासून चालू आहे. गावातल्याच माणसाला गाव निवडतं, त्याला किंवा तिला प्रशिक्षण मिळतं आणि दूरच्या डॉक्टरशी बोलून तीच व्यक्ती गावात उपचार करते. आपल्या आशाताईंना ओळखणाऱ्या वाचकाला तिचं मोल वेगळं सांगायला नको. दुर्बिणीची तपासणी करणारे डॉक्टर मोठ्या शहरातून विभागीय रुग्णालयांत जाऊन शिबिरं घेऊ लागले. कॅन्सर झालेल्यांच्या भावाबहिणींना आणि मुलांना शोधून बोलावणं जाऊ लागलं, कारण त्यांचा धोका जास्त. तपासणी ४० व्या वर्षापासूनच सुरू करावी, असं तिथल्या आरोग्य संस्थांनी ठरवलं.

आणि लाजेचं काय? शौच, गुदद्वार, आतडं हे विषय जगात कुठेच चारचौघांत निघत नाहीत. अलास्काच्या मूळनिवासींच्या आरोग्य संस्थेने त्यावर एक मजेदार तोड काढली. हवा भरून फुगवायचं आतडं! माणूस आत शिरून चालू शकेल एवढं मोठं, घडी घालून विमानातून नेता येणारं, आणि नाव ‘नोलन द कोलन’. शाळेत किंवा मेळाव्यात ते फुगवलं की पोरंटोरं आधी धावतात, मग आईबाप, मग आजीआजोबा. आत भिंतीवर निरोगी अस्तर, मग लहान पॉलिप, मग मोठा पॉलिप, मग कॅन्सर असं क्रमाने दिसत जातं. नोलनमधून फिरून आलेल्यांना काय विचारलं आणि त्यांनी काय सांगितलं, याचा अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. लोकांची माहिती वाढली होती, तपासणी करून घेण्याची इच्छा वाढली होती आणि इतरांशी या विषयावर बोलायला ते अधिक तयार झाले होते. मला हे तिसरं फार मोठं वाटतं. घरात ज्या विषयावर बोललं जातं, त्यावरच घरातलं माणूस डॉक्टरकडे जातं.

आता बर्फातून टेक्ससमधल्या फोर्ट वर्थ शहरात येऊ. तिथल्या सार्वजनिक रुग्णालयात येणाऱ्या, विमा नसलेल्या सुमारे ६,००० लोकांवर समीर गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीसारखंच सोडलं: डॉक्टरकडे आलात आणि त्यांनी सुचवलं तर तपासणी. त्यात १२ टक्के लोकांची तपासणी झाली. दुसऱ्या गटाला दुर्बिणीच्या मोफत तपासणीचं निमंत्रण पाठवलं. ते प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास गेलं. तिसऱ्या गटाला फिटचा संच घरी टपालाने पाठवला, सोबत परतीचं पाकीट. तो आकडा ४१ टक्के झाला. माणसं तीच, शहर तेच, गरिबीही तीच. दुर्बिणीसाठी आदल्या दिवशी रेचक घ्यावं लागतं, मजुरीचा दिवस बुडवावा लागतो, परत घरी आणायला कोणीतरी सोबत लागतं. संचासाठी लागतो फक्त घरातला संडास आणि कोपऱ्यावरची टपालपेटी. ज्यांना आपण ‘तपासणी टाळणारे लोक’ म्हणतो, त्यांच्यातले कितीतरी जण नुसती सोय होण्याची वाट पाहत असतात.

संचापाशी काम संपत नाही. फिटमध्ये रक्त सापडलं, तर पुढे दुर्बीण करावीच लागते, कारण पॉलिप शोधून कापणारी तीच. कॅलिफोर्नियात ७०,००० लोकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की फिटनंतरची दुर्बीण दहा महिन्यांहून जास्त लांबली तर कॅन्सर, तोही पुढच्या टप्प्यातला, सापडण्याची शक्यता वाढते. गरीब माणूस बहुधा याच टप्प्यावर हातातून सुटतो. पत्र येतं, ते कळत नाही. फोन करावा तर भाषा अडते. तारीख मिळते, तर गाडीभाड्याचे पैसे नसतात.

ही गळती थांबवायचा मार्ग न्यूयॉर्कमधल्या हार्लेम वस्तीतून आला. तिथल्या सार्वजनिक रुग्णालयातले शल्यचिकित्सक हॅरॉल्ड फ्रीमन स्तनाचा कॅन्सर फार उशिरा घेऊन येणाऱ्या गरीब कृष्णवर्णीय बायका वर्षानुवर्षं पाहत होते. १९९० मध्ये त्यांनी एक साधी व्यवस्था सुरू केली: रुग्णाच्या सोबत एक माणूस द्यायचा. तो कागद भरून देईल, तारीख घेऊन देईल, भीती ऐकून घेईल आणि उपचार पूर्ण होईपर्यंत हात सोडणार नाही. अशा सोबत्याला तिथे ‘नेव्हिगेटर’ म्हणतात.

डेलावेअर या छोट्या राज्याने २००२ नंतर हे सगळे धागे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी एकत्र आणले. विमा नसलेल्यांना दुर्बिणीची तपासणी राज्याच्या खर्चाने. कॅन्सर सापडलाच तर त्याच्या उपचाराचाही खर्च राज्याचा, म्हणजे ‘कळलं तरी पुढे काय’ ही भीती उरायला नको. रुग्णालयांमध्ये नेव्हिगेटर म्हणून परिचारिका. आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांपर्यंत, त्यांच्या संस्थांपर्यंत मुद्दाम पोचणं. २००९ पर्यंत काय झालं? सुरुवातीला कृष्णवर्णीयांपैकी ४८ टक्के आणि गोऱ्यांपैकी ५८ टक्क्यांच्या आसपास लोकांनी तपासणी केलेली होती. शेवटी दोन्हींचं प्रमाण ७४ टक्के. कृष्णवर्णीयांमध्ये या कॅन्सरचे नवे रुग्ण लाखामागे ६७ वरून ४५ च्या आसपास आले. गोऱ्यांमध्येही आकडा जवळपास तेवढ्यावरच येऊन ठेपला. कृष्णवर्णीयांमधले मृत्यू लाखामागे ३१ वरून १८ झाले, गोऱ्यांमधल्या मृत्यूंच्या जवळपास बरोबरीला.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुन्हा मागे जाऊन वाचले. कृष्णवर्णीयांमध्ये हा कॅन्सर जास्त होतो, त्यांच्या रक्तातच काहीतरी असेल, असं मानणारे पुष्कळ होते. सात-आठ वर्षांत एका राज्यातली दरी जवळजवळ बुजली. एवढ्या काळात कोणाचं रक्त बदलत नाही. बदलली होती ती वाट. शिवाय कॅन्सर लवकर सापडल्यामुळे आणि टळल्यामुळे वाचलेला उपचारांचा खर्च कार्यक्रमावर होणाऱ्या खर्चाहून जास्त भरला.

भारतात हे चित्र वेगळं आहे आणि ते नीट समजून घ्यायला हवं. आपल्याकडे या कॅन्सरचं लोकसंख्येतलं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच कमी आहे. तरीही देश मोठा असल्याने वर्षाला सुमारे ७०,००० नवे रुग्ण होतात, असा जागतिक अंदाज आहे. सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरांची तपासणी होते, आणि आपल्याकडचे आकडे पाहता तो क्रम योग्य आहे. सर्वांची सरसकट फिट करण्याची वेळ आज आपल्यावर आलेली नाही. पण दारापर्यंत तपासणी नेली की मृत्यू टळतात, हे महाराष्ट्राने स्वतः करून दाखवलं आहे. १९९९ नंतर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या आणि टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने, १,३१,७४६ ग्रामीण स्त्रियांचा एक मोठा अभ्यास झाला. ज्या गटाला आयुष्यात एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी देऊ केली गेली, त्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू आठ वर्षांत जवळपास निम्मे झाले. तो कॅन्सरही वर्षानुवर्षांची मुदत देणारा. तीच रीत, आपल्याच गावांत.

मोठ्या आतड्याच्या बाबतीत आपल्याकडे मुदत वाया जाते ती बहुतेकदा एका गैरसमजात. शौचातून रक्त पडलं की घरोघरी निदान ठरलेलं असतं: मूळव्याध. मग चूर्ण, मलम, जाहिरातीतला इलाज, आणि महिन्यांमागून महिने. पुष्कळदा ती मूळव्याधच असते. पण चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला नव्याने रक्त पडू लागलं, शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहिली, कारण नसताना वजन उतरलं किंवा पुरुषाचं हिमोग्लोबिन अकारण कमी आलं, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: ‘मूळव्याधच आहे हे कशावरून? दुर्बीण करायला हवी का?’ आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कोणाला हा कॅन्सर झाला असेल, तर त्रास सुरू होण्याची वाट न पाहता विचारा. आणि आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना, शेतावरच्या गड्याला, गावाकडच्या काकांना असा त्रास असल्याचं कळलं, तर नुसता सल्ला देऊन थांबू नका. तारीख घेऊन द्या, सोबत जा, अहवाल हाती येईपर्यंत पाठपुरावा करा. डेलावेअरमध्ये माणसं वाचली ती याच कामाने, आणि ते करायला डॉक्टर असावं लागत नाही.